खारातली कैरी : साठवण आणि स्वयंपाक

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनारपट्टीवर पावसाळ्यापूर्वी बरणीत भरलेली खारातली कैरी हे केवळ तोंडीलावणे नव्हे. ते स्वयंपाकातील आंबट द्रव्यही होय. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. अशा दिवसांत सुक्या मासळीचे कालवण, आमटी किंवा ओल्या खोबऱ्याची चटणी यांना ही कैरी रुची आणते.

तिच्या टिकाऊपणास मीठ व अम्ल ही दोन्ही कारणीभूत आहेत. मिठाचे तीव्र पाणी जंतूंच्या पेशींतील पाणी ओढून घेते, पीएच ४.६ हून कमी असल्यास घातक बोटुलिनम जंतूची वाढ होत नाही. परंतु पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या फोडीवर बुरशी धरते, आणि काही बुरशा अम्लच खाऊन टाकतात. त्यामुळे वरचा थर काढून उरलेले निर्दोष मानणे चुकीचे ठरते.

स्वयंपाकातील क्रमही यावरूनच ठरतो. अम्लामुळे डाळ शिजण्यास विलंब लागतो; म्हणून डाळ मऊ झाल्यावरच कैरी घालावी व चव पाहून मगच मीठ घालावे. फोडी भिजत घातल्यास खारटपणा जातो, पण त्याबरोबर आंबटपणाही जातो. ज्यांना मीठ कमी हवे, त्यांनी फोडी कमी घालाव्यात. बरणीतील मीठ मात्र घटवू नये, कारण साठवणीचा भार त्यावर आहे.