बकऱ्यांच्या पायांची खरूज : सात आठवडे आधी करायचा हिशेब

बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजारात राजस्थानचा सिरोही, उत्तर प्रदेशचा जमनापारी आणि आपल्याकडचा उस्मानाबादी बोकड अंगाला अंग लावून उभे असतात. खरूज पसरायला याहून सोयीची जागा नाही. पायावर खपली दिसली तर 'चिखलाने झाले असेल' म्हणून सोडून द्यायचे आणि ईद पंधरा दिवसांवर आली की घाईने इंजेक्शन टोचायचे, अशी चाल पुष्कळ ठिकाणी दिसते. यात नुकसान दुहेरी आहे. खरूज पुरती बरी होत नाही आणि औषधाचा अंश मांसात राहून तो खाणाऱ्याच्या पोटात जातो. म्हणून व्यापारी बंधूंनी खरजेचा इलाज तारीख पाहूनच करावा.

खरजेचे प्रकार

खरूज होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांमुळे. हे किडे गोचिडाच्याच जातकुळीचे. बकऱ्यांत मुख्यतः चार प्रकार आढळतात.

पहिला कोरिऑप्टिस. पायांची खरूज याचीच. खुराच्या वरचा भाग, मागचे पाय आणि बोकडाचे वृषण येथे खपल्या धरतात. जनावर पाय आपटते, दाताने पाय खाजवते. थंडीत त्रास वाढतो. हा किडा कातडीच्या वरच राहतो.

दुसरा सार्कोप्टिस. हा कातडीत बोगदा करून अंडी घालतो. तोंड, कान, काखा व मांड्यांची आतली बाजू येथून सुरुवात होते. खाज फार, केस गळतात, कातडी जाड होऊन सुरकुतते आणि जनावर रोडावते. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. जनावर हाताळणाऱ्या माणसाच्या हातालाही खाज सुटते, ती संपर्क थांबला की बहुधा ओसरते.

तिसरा सोरोप्टिस. हा कानात राहतो. जनावर सारखे डोके झटकते.

चौथा डेमोडेक्स. यात खाज नसते. मानेवर व खांद्यावर बाजरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी येतात व त्या दाबल्या की पांढरा घट्ट पदार्थ निघतो. पिल्लांना तो आईकडून लागतो. हा प्रकार बरा होणे अवघड असल्याने असे जनावर पैदाशीस ठेवू नये.

दुसरे आजारही खरजेसारखे दिसतात. ताप, तोंडात फोड आणि खुरांच्या बेचक्यात जखम असेल तर ती लाळ्या-खुरकूत असू शकते. ओठांवर खपल्या असतील तर मावा असण्याचा संभव आहे. शंका असेल तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात कातडी खरवडून दुर्बिणीखाली तपासून घ्यावी.

इलाज कसा करावा

आजारी जनावर लगेच वेगळे बांधावे, पण औषध मात्र कळपातील सर्वच जनावरांना करावे. वरून निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या अंगावरही किडे असतात.

पायांच्या खपल्या कोमट पाण्याने व साबणाने भिजवून हळू काढाव्यात, रक्त काढू नये. खपली तशीच राहिली तर औषध आत पोहोचत नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितलेले औषध लावावे. अमित्राझचे 12.5 टक्क्यांचे औषध खरजेसाठी साधारणपणे 1 लिटर पाण्यात 4 मि.लि. मिसळून वापरतात. हातमोजे घालावेत, सावलीत काम करावे आणि अंग वाळेपर्यंत जनावराला चाटू देऊ नये.

आयव्हरमेक्टिनचे 1 टक्क्याचे इंजेक्शन 50 किलो वजनाला 1 मि.लि. या प्रमाणात कातडीखाली देतात. वजन अंदाजाने न धरता काट्यावर करावे. हे औषध अंड्यांवर चालत नाही, त्यामुळे साधारण 14 दिवसांनी दुसरा डोस लागतो. कातडीत शिरणाऱ्या किड्यावर ते चांगले चालते, पण पायांवरच्या किड्यावर एकटे इंजेक्शन कमी पडते. तेथे वरून औषध लावणेच महत्त्वाचे.

गाडीचे जळके ऑइल अंगाला चोपडण्याची रीत बंद करावी. त्याने कातडी भाजते व चाटल्यावर विष पोटात जाते.

गोठ्यातील गवत-कचरा जाळावा, दावी व घमेली धुवावीत. थंड, दमट जागेत हे किडे अंगाबाहेरही दोन-तीन आठवडे जगू शकतात.

तारखेचा हिशेब

पहिला डोस, त्यानंतर 14 दिवसांनी दुसरा आणि पुढे जबह करण्यापूर्वी किमान 35 दिवसांचे अंतर धरले, तर एकूण 49 दिवस होतात, म्हणजे सात आठवडे. बाटलीवर किंवा डॉक्टरांनी याहून जास्त मुदत सांगितली असेल तर ती पाळावी. ईदसाठी माल घेणाऱ्याने खरेदीच्या दिवशीच पाय, कान व मांड्या तपासाव्यात, नवे जनावर तीन आठवडे वेगळे ठेवावे आणि इलाजाची तारीख वहीत लिहावी. ईद जवळ आल्यावर खरूज आढळली तर इंजेक्शनच्या मागे न लागता गंधकाच्या उपायाविषयी डॉक्टरांना विचारावे.

कातडी आणि कुरबानी

चामड्याच्या धंद्यातील बंधूंना ठाऊक आहे की, बकऱ्याच्या कातडीची किंमत तिच्या वरच्या गुळगुळीत बाजूवर ठरते. डेमोडेक्सच्या गाठी केसांखाली लपून राहतात आणि कमावताना तेथे खड्डे व भोके दिसतात. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

कुरबानीच्या बाबतीत हनफी मसलकात खरूज मांसापर्यंत गेली नसेल व जनावर धष्टपुष्ट असेल तर ते चालते. शाफई मसलकात मात्र खरजेचे जनावर चालत नाही, आणि आपले कोकणातील बहुसंख्य बंधू शाफई आहेत. तेव्हा गिऱ्हाइकाला खरूज सांगितली नाही, तर सौद्यात फसवणूक होतेच, शिवाय त्याची कुरबानीही धोक्यात येते. तपशिलासाठी आपल्या आलिमांना विचारावे.

आजारी जनावरे निरोगी जनावरांत मिसळू नयेत, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. बाजारात दावे बांधताना एवढे पाळले, तरी निम्मी खरूज तेथेच थांबेल.