तोंडाचा सामना, पायांचा निकाल

कोलकात्यात मोहन बागान (स्थापना १८८९) आणि ईस्ट बंगाल (१९२०) या फुटबॉल क्लबांचा सामना शिट्टी वाजण्याच्या कितीतरी आधी चहाच्या टपऱ्यांवर सुरू होतो. समोरच्या संघाचा प्रशिक्षक, त्याचे खेळाडू, जर्सीचा रंग, काहीच सुटत नाही.

१३ जुलै १९९७, फेडरेशन कपची उपांत्य फेरी. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता यांच्या ‘डायमंड’ व्यूहरचनेची तेव्हा शहरभर चर्चा होती. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाला ‘चुंगचुंग’ आणि सॅमी ओमोलोला ‘ऑम्लेट’ म्हणून डिवचलं. सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक जमले. बायचुंगने हॅटट्रिक केली आणि ईस्ट बंगालने ४-१ अशी बाजी मारली. खेळाडूच्या नावाची अशी खिल्ली उडवणं तेव्हाही गैरच होतं. बायचुंगने मात्र त्याचं उत्तर मैदानातच दिलं.

ईस्ट बंगालच्या डगआउटमध्ये त्या दिवशी प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी होते. १९७५च्या आयएफए शील्ड अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० असं लोळवणारा संघ त्यांचाच. पुढच्याच वर्षी ते मोहन बागानकडे गेले आणि १९७७च्या हंगामात त्या संघाला शील्ड, ड्युरंड आणि आपल्या मुंबईचा रोव्हर्स कप जिंकून दिला.

राहिली जर्सी. ईस्ट बंगालची लाल-सोनेरी, मोहन बागानची हिरवी-मरून. २०२०मध्ये एटीके क्लबशी हातमिळवणी झाली, तेव्हा हे रंग जाणार या धास्तीने बागानचे चाहते खवळले. रंग टिकले. क्लबच्या नावाला जोडलेलं ‘एटीके’ २०२३मध्ये गेलं.