‘डॉल्फिन दाखवा, नाहीतर पैसे परत!’

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, की घरोघरी पुढच्या प्रश्नाला तोंड फुटते: उरलेली सुट्टी घालवायची कुठे? हल्ली याचे उत्तर बहुधा ‘कोकणात’ असे येते. आणि दापोलीजवळचे मुरूड-कर्दे घ्या, मालवणजवळचे देवबाग-तारकर्ली घ्या की गोव्यातले सिकेरी घ्या, वाळूत पाऊल पडायचा अवकाश, हाक ऐकू येतेच: “चला, डॉल्फिन बघायला!” कुठे कुठे तर हमीही मिळते. डॉल्फिन दिसले नाहीत, तर पैसे नकोत!

गिऱ्हाईक अशा हमीवर खूष असते. माझे म्हणणे मात्र असे, की सारे दुखणे त्या हमीतच आहे.

गेल्या थंडीत आम्ही देवबागला गेलो होतो. आम्ही दोघे, मुले आणि माझ्या जाऊबाई. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथून आमची होडी निघाली. तांडेल पन्नाशीचा. आधी सर्वांना लाइफ जॅकेटे चढवायला लावली आणि मग म्हणाला, “वयनी, आधीच सांगतंय. दिसतले म्हणान सांगूक येवचा नाय.”

जाऊबाईंचा चेहरा उतरला. शेजारचा होडीवाला तर छातीठोक हमी देत होता!

निवतीच्या दिशेने जाताना पाण्यावर दोन काळसर पर वर आले. मुलांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात चार होड्या चार दिशांनी धावल्या, इंजिने घरघरू लागली, कोणी शिट्ट्या फुंकल्या. पर बुडाले, पुन्हा वर आले ते दूर. होड्या पुन्हा मागे. आमच्या तांडेलाने मात्र होडी वळवलीच नाही.

“अहो, सगळे गेले पुढे!” जाऊबाई म्हणाल्या.

“जांव देत,” तो म्हणाला. त्याने होडी बाजूला घेतली, गिअर काढला आणि ती लाटांवर तरंगत सोडून दिली. “आता गप ऱ्हवा. तेंका येवचा आसात तर येतले.”

त्याचे ते वागणे शहाणपणाचे का, हे समजायला या प्राण्याची थोडी ओळख हवी. आपल्या किनाऱ्यालगत बहुतेक वेळा दिसतो तो कुबडाचा डॉल्फिन. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटा पर. १८२९ साली क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने मलबार किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून त्याला नाव दिले, त्याचा अर्थ ‘शिशाच्या रंगाचा’. हा खोल समुद्रात जाणारा नव्हे. किनाऱ्याची उथळ पट्टी आणि नद्यांची मुखे हेच त्याचे घर. म्हणून तर तो आपल्याला तासाभरात दिसतो. आणि म्हणूनच जाळी, होड्या आणि शहरांची घाण यांच्या तडाख्यातही तोच सापडतो. जगभरच्या नोंदीत ही जात आज ‘धोक्यात’ आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला अभय दिले आहे.

डॉल्फिन हा मासा नव्हे. आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. गढूळ पाण्यात तो आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. चार इंजिने भोवती गरजत असली, तर त्याने ऐकावे काय आणि खावे काय? पिलू असलेल्या मादीचे हाल तर विचारूच नका.

यात अतिशयोक्ती नाही. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे येथील डॉल्फिनांचा शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. सहलीच्या दोन होड्या फिरू लागल्यावर त्या भागातले डॉल्फिन सुमारे १५ टक्क्यांनी घटले, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. तिथल्या सरकारने दोनांपैकी एक परवाना कमी केला. दोनच होड्यांची ही कथा! आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी एका कळपामागे किती धावतात, ते प्रत्येकाने मोजावे.

आमच्या होडीचे काय झाले? वीसेक मिनिटे काही नाही. धाकटा कंटाळून पाण्यात बोटे बुडवू लागला. मग डावीकडे ‘फुस्स’ असा आवाज आला. एक मादी आणि तिच्या कुशीला चिकटलेले पिलू, आपल्याच चालीने आमच्या बाजूने गेली. तीन वेळा वर आली, मग दिसेनाशी झाली. जाऊबाई एक शब्द बोलल्या नाहीत.

आता हिशेब बघा. पैसे परत द्यावे लागतील या भीतीने होडीवाला पाठलाग करतो. त्याचेही पोट आहे, आणि पावसाळ्यात हा धंदा बंद. म्हणजे सुकाणू त्याच्या हातात असले, तरी होडी धावते ती आपल्या हट्टावर. तेव्हा निघण्यापूर्वीच त्याला सांगावे: “दिसले नाहीत तरी पूर्ण पैसे देऊ, पण पाठलाग नको.” होडी समोरून वा मधून घालू नये, बाजूने समांतर न्यावी, निदान पन्नास मीटर अंतर राखावे, पिलू असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. दुसरी होडी आधीच असेल तर थांबावे. खाऊ टाकू नये, आरडाओरडा नको, आणि थोड्या वेळाने आपणच निघावे.

पाव्हण्याने यजमानाच्या घरी जसे वागावे, तसेच हे. आणि मुलांना ते समजावून सांगायला दिवाळीच्या सुट्टीइतकी चांगली वेळ कोणती?