पोटातला अग्नी आणि संडासाची रांग

वस्तीत महिलांची आरोग्य बैठक घेतली की पहिला प्रश्न बहुतेक वेळा पोटाचाच निघतो. "ताई, पोट साफ होत नाही." "जेवलं की गॅस धरतो." "छातीत जळजळतं." मग कुणीतरी मोबाईल पुढे करते. त्यात कुणी सांगत असतो की सकाळी कोमट पाणी प्या, रात्री चूर्ण घ्या, मांस-मच्छी, कांदा-लसूण सोडा, सात्त्विक जेवा. आयुर्वेदात तसंच लिहिलंय. बायका आम्हाला विचारतात, "हे खरं आहे का हो?"

तथागतांनी कालामांना सांगितले होते की ग्रंथात आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून काही मानू नका. स्वतः पारखा आणि हिताचे असेल तेच घ्या. आयुर्वेदाच्या आहारविचारालाही आपण हीच कसोटी लावू. डोळे झाकून सगळे घ्यायचे नाही, आणि रागाने सगळे फेकायचेही नाही.

अग्नी म्हणजे काय?

खाल्लेले अन्न पचवणाऱ्या शक्तीला आयुर्वेद 'जठराग्नी' म्हणतो. त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. सम म्हणजे ठीक चाललेला, विषम म्हणजे कधी पचते कधी नाही असा, तीक्ष्ण म्हणजे फार भडकलेला आणि मंद म्हणजे विझत आलेला. नीट न पचलेल्या अन्नातून 'आम' तयार होतो आणि त्यातून आजार होतात, असे हे शास्त्र मानते.

आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा पोटात चूल नसते हे शिकलो. जठरातले आम्ल, यकृताचे पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्यांची हालचाल मिळून अन्न पचते. म्हणजे 'अग्नी' ही एक उपमा आहे. जुन्या वैद्यांकडे दुर्बीण नव्हती, तपासणी नव्हती. पण माणूस कसा जेवतो आणि मग त्याला काय होते, हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. त्यामुळे त्यांचे काही सल्ले आजही पटतात.

पटणाऱ्या गोष्टी

आधीचे जेवण पचून भूक लागल्यावर जेवा. ताजे आणि गरम खा. घाईने गिळू नका. पोट गच्च भरू नका, थोडी जागा मोकळी ठेवा. चरकसंहितेत हे सगळे आहे, आणि डॉक्टरही हेच सांगतात.

आपल्या पाली वाङ्मयातही हीच शिकवण सापडते. कोसलचा राजा प्रसेनजित भरमसाट भात खायचा आणि धापा टाकत तथागतांकडे यायचा. त्यांनी त्याला जेवणात मात्रा ओळखायला सांगितले. राजाने एका तरुणाला रोज जेवताना त्या उपदेशाची आठवण करून द्यायला ठेवले, जेवण हळूहळू कमी केले, आणि त्याचे अंग हलके झाले. विनयपिटकातल्या महावग्गात तांदळाच्या पेजेचे दहा फायदे सांगितले आहेत. पेजेने भूक-तहान भागते, वायू मार्गी लागतो आणि न पचलेले पचते, असे त्यात आहे. आपल्या आजी-आया आजारी माणसाला पेज देत आल्या, त्यामागे एवढा जुना अनुभव आहे.

तेरा वेग आणि आपल्या बाया

आयुर्वेदातली एक गोष्ट मात्र मोबाईलवर कुणी सांगत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे, 'न वेगान् धारणीय'. शरीराचे तेरा नैसर्गिक वेग दाबून धरू नयेत, असे त्यात सांगितले आहे. लघवी, शौच, वायू, ढेकर, शिंक, झोप यांच्याबरोबर भूक आणि तहानसुद्धा त्या यादीत आहे.

आता आपल्या वस्तीतल्या बाईचा दिवस बघा. सार्वजनिक संडासाला पहाटेपासून रांग. आतली कडी तुटलेली, दिवा नाही, पाणी नाही. कामाला जायची घाई म्हणून तशीच निघते. धुण्याभांड्याच्या कामावर मालकिणीच्या घरचा संडास वापरू देत नाहीत. लघवीला जावे लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. अंधार पडल्यावर भीती, म्हणून रात्रीही दाबून धरते. घरी सगळ्यांना वाढून उरले ते शेवटी खाते. म्हणजे शौच, लघवी, तहान आणि भूक असे चार वेग ती रोज मारते.

त्याचे परिणाम आम्ही वर्षानुवर्षे बघतो आहोत. शौच धरून ठेवली की आतडे त्यातले पाणी शोषून घेते, खडा होतो, कुंथावे लागते आणि पुढे मूळव्याध होते. पाणी कमी आणि लघवी धरलेली, म्हणून लघवीची जळजळ पुन्हापुन्हा. दिवसभर उपाशी पोटावर चहा आणि अंगदुखीची गोळी, म्हणून जळजळ. सकाळी पोट साफ व्हावे म्हणून कितीतरी जणी मशेरी लावतात, आणि ती सवय तोंडाच्या कॅन्सरपर्यंत नेऊ शकते.

अशा बाईला "तुझा अग्नी मंद आहे, चूर्ण घे" असे सांगणे म्हणजे तिच्यावरच दोष टाकणे होय. तिच्या अग्नीत काही खोट नाही. खोट आहे ती रांगेत, तुटलेल्या कडीत आणि कोरड्या नळात.

ताटातली जात

सात्त्विक, राजस, तामस अशी अन्नाची वाटणी प्रसिद्ध आहे ती गीतेच्या सतराव्या अध्यायामुळे. चरकाच्या अन्नपानाच्या अध्यायात मात्र मांसाचे कितीतरी प्रकार आणि त्यांचे गुण दिले आहेत. खंगलेल्या रोग्याला मांसरस द्यावा असे हे शास्त्र सांगते. गोमांसही एके ठिकाणी अपथ्य म्हटले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी काही आजारांत उपयोगी म्हटले आहे. वैद्याने गुण-दोष तोलले, ते रोग्याची प्रकृती पाहून. 'अमके खाणारे हलके' हा शिक्का पचनातून येत नाही, जातीतून येतो.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आपल्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे, ती मुद्दाम वाचावी. ज्वारीची भाकरी, अंबाडी, चिवळ, सुकट, अंडी, वजडी यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. सुकट-अंड्यात प्रथिने आहेत, भाकरी-पालेभाजीत आतड्याला लागणारा चोथा आहे. ज्याला शाकाहारी राहायचे त्याने जरूर राहावे, पण रक्त कमी असलेल्या गरोदर लेकीच्या ताटातले अंडे 'तामसी' म्हणून काढू नये.

घरगुती उपाय कुठे थांबवायचे

पोट हलके ठेवण्यासाठी मोठ्या माणसाने एखादे जेवण टाळले तर बिघडत नाही. लहान मुलाला जुलाब होत असताना उपाशी ठेवणे मात्र धोक्याचे आहे. अंगावरचे दूध चालू ठेवा, मोठ्या मुलाला पेज आणि मऊ भात द्या. ओआरएसची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळून थोडेथोडे पाजा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतात. त्या १४ दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी मध्येच सोडायच्या नाहीत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

रोजच्या रोज पोट साफ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती कधीतरी ठीक. रोज घेतली तर तिच्याशिवाय पोट साफ होईनासे होते. फेरीवाल्याकडची भस्मे घेऊ नका. अशा औषधांत शिसे आणि पारा सापडलेला आहे.

पुढील लक्षणे दिसली तर काढा करत बसू नका, दवाखाना गाठा :

• शौचातून रक्त, किंवा डांबरासारखी काळी शौच. (रक्तवाढीच्या गोळ्यांनी शौच काळसर होते, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नका.)
• विनाकारण वजन घटणे, घास गिळताना अडकणे.
• चाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे.
• बाळाचे डोळे खोल जाणे, सुस्ती, लघवी बंद होणे.
• छातीत दाब, घाम, दम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ. याला 'गॅस' म्हणून सोडा पीत बसणे जिवावर बेतते. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो.

दोन्ही कामे करू

घरात करायचे ते असे : घरातल्या बाईने सगळ्यांबरोबर बसून जेवायचे, शेवटी नाही. दिवसभरात आठ-दहा पेले पाणी. उपाशी पोटी चहा आणि दुखण्याची गोळी नको. भाकरी, डाळ आणि एक पालेभाजी. पिण्याचे पाणी उकळून. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात.

वस्तीने करायचे ते असे : शहरी स्वच्छ भारत अभियानाच्या निकषाप्रमाणे सामुदायिक शौचालयात २५ महिलांमागे एक आणि ३५ पुरुषांमागे एक सीट हवी. महिला मंडळाने आपल्या वस्तीतल्या सीटा मोजाव्यात. बंद किती, कडी-दिवा-पाणी नसलेल्या किती, हे कागदावर लिहून वॉर्ड ऑफिसात द्यावे आणि पोच घ्यावी. मुंबईत २०११ साली महिलांनी 'राइट टू पी' मोहीम सुरू केली, तीही अशीच पाहणी आणि मागणी करत पुढे गेली.

महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. तथागतांनी आणि आनंदाने त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, आणि आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा असे संघाला सांगितले. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेही माणुसकीच्या हक्कासाठीच. स्वच्छ पाणी आणि कडी लागणारा संडास हे त्याच हक्काचे पुढचे पाऊल आहे. पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा आणि वस्तीतल्या सीटा मोजायला सुरुवात करा.

नमो बुद्धाय, जयभीम!