आभासी फॉर्म्युला स्टुडंट मोटार

आभासी फॉर्म्युला स्टुडंट मोटार म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फॉर्म्युला स्पर्धेच्या धर्तीवर कल्पिलेली, परंतु प्रत्यक्षात न बांधता केवळ संगणकावरील शर्यतीत चालवण्यासाठी रचलेली एकआसनी, उघड्या चाकांची मोटार होय. अशी मोटार कधी एखादा छंदिष्ट एकट्याने रचतो, तर कधी विद्यार्थ्यांचा गट मिळून. तिच्यासाठी कार्यशाळा, वेल्डिंगचे यंत्र किंवा टायरचा खर्च लागत नाही. लागतात ते आकडे. मोटारीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, इंजिनाचा टॉर्क, स्प्रिंगचा ताठपणा, टायरची पकड हे सारे सिम्युलेटरला संख्यांच्या रूपात पुरवावे लागते आणि पुरवलेली प्रत्येक संख्या सिम्युलेटर निमूटपणे खरी मानतो. या रचनापद्धतीची सोय आणि तिची मुख्य अडचण, दोन्ही येथेच आहेत.

मूळ स्पर्धा

विद्यार्थ्यांनी बांधलेल्या फॉर्म्युला मोटारींची पहिली स्पर्धा १९८१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात झाली. अमेरिकेत ती ‘फॉर्म्युला एसएई’ या नावाने ओळखली जाते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून ‘फॉर्म्युला स्टुडंट’ हे नाव रूढ झाले. जर्मनीतील स्पर्धा २००६ पासून होकेनहाइम येथे भरते. हौशी चालकांसाठी छोटी शर्यती मोटार बनवणाऱ्या एखाद्या उद्योगाने आपल्याला नमुना तयार करण्याचे काम दिले आहे, असे विद्यार्थ्यांनी गृहीत धरायचे असते. त्यामुळे केवळ वेगाला येथे किंमत नाही. फॉर्म्युला एसएईच्या एकूण १,००० गुणांपैकी ३२५ गुण मोटार जागेवर उभी असतानाच ठरतात: रचनेच्या समर्थनाला १५०, खर्चाच्या हिशेबाला १०० आणि व्यावसायिक सादरीकरणाला ७५. उरलेले ६७५ गुण ७५ मीटरची सरळ धाव, इंग्रजी आठच्या आकड्याचा मार्ग, एका फेरीची वेळ, सुमारे २२ किलोमीटरची सहनशक्तीची शर्यत आणि इंधनाची वा विजेची बचत यांत विभागलेले असतात.

शर्यतीचा मार्ग प्लॅस्टिकच्या शंकूंनी आखलेला, अरुंद आणि सतत वळणारा असतो. सहनशक्तीच्या शर्यतीत सरासरी वेग ताशी ४८ ते ५७ किलोमीटर राहील आणि कमाल वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर असेल, अशा बेताने तो आखतात. आभासी मोटार रचणारे नवखे लोक नेमके हेच विसरतात. फॉर्म्युला वनची मोटार आटवून लहान केली की फॉर्म्युला स्टुडंट मोटार होते, अशा समजुतीने ते गिअर ताशी २५० किलोमीटरला जुळवतात, पुढची चाके जेमतेम वळतील अशी ठेवतात आणि मग ९ मीटर बाह्य व्यासाच्या वळणात त्यांची मोटार अडकून बसते.

निसर्गाचे नियम आणि नियमपुस्तिकेचे नियम

काल्पनिक मोटारीला कोणते बंधन पाळावे लागते, हा या विषयातील गाभ्याचा प्रश्न आहे. मूळ स्पर्धेतील बंधने दोन प्रकारची आहेत. काही माणसांनी घातलेली आहेत: पेट्रोल इंजिनाने घ्यायची सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून गेली पाहिजे, विजेच्या मोटारीने बॅटरीतून ८० किलोवॉटपेक्षा अधिक शक्ती घेऊ नये, पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर किमान १,५२५ मिलिमीटर असावे, मोटारीखालची हवा पंख्याने उपसू नये. दुसरी बंधने निसर्गाची आहेत: टायर आणि रस्ता यांमधील घर्षण, वस्तुमानाचे जडत्व, हवेचा विरोध. काल्पनिक मोटार पहिल्या प्रकारची बंधने जाणूनबुजून मोडू शकते. त्यातच तिची मौज आहे. दुसऱ्या प्रकारची बंधने मोडली, तर उरते ते केवळ मोटारीचे चित्र.

कधी कधी ही दोन्ही बंधने एकाच ठिकाणी गुंतलेली असतात. २० मिलिमीटरचे छिद्र ही माणसांची अट. पण त्या छिद्रात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की प्रवाह आणखी वाढत नाही, हा निसर्गाचा नियम. त्यामुळे सामान्य हवामानात त्यातून सेकंदाला फार तर ७० ते ७५ ग्रॅम हवा जाते आणि इंजिनाचे फेरे कितीही वाढवले तरी शक्तीला कमाल मर्यादा पडते. मोटारसायकलचे ६०० घनसेंटिमीटरचे इंजिन मोकळ्या श्वासाने शंभर अश्वशक्तीच्या वर जाते, ते या अटीखाली बरेच खाली येते. ‘असेटो कोर्सा’सारख्या सिम्युलेटरमध्ये मात्र इंजिन म्हणजे फेऱ्यांसमोर टॉर्क लिहिलेला एक साधा तक्ता असतो. मोटारसायकलचा मूळ तक्ता तसाच उतरवून घेतला, तरी सिम्युलेटर हरकत घेत नाही. मोटारीच्या वर्णनात छिद्राचा उल्लेख आणि तक्त्यात छिद्र नसलेले इंजिन, ही विसंगती हौशी रचनांमध्ये सहज शिरू शकते.

एक पडताळा

काल्पनिक मोटार निसर्गाच्या मर्यादेत आहे की नाही, हे शालेय भौतिकशास्त्राच्या आधारे तपासता येते. आठच्या आकड्याच्या मार्गातील प्रत्येक वर्तुळाचा आतला व्यास १५.२५ मीटर आणि बाहेरचा २१.२५ मीटर असतो. मार्गाच्या मध्यरेषेची त्रिज्या त्यामुळे ९.१२५ मीटर आणि परीघ सुमारे ५७.३ मीटर येतो. एक वर्तुळ ५ सेकंदांत पूर्ण करणाऱ्या मोटारीचा वेग सेकंदाला ११.५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४१ किलोमीटर होतो आणि केंद्रगामी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ दीडपट येते. शर्यतीच्या चांगल्या टायरला हे साधते.

आता एखाद्या आभासी मोटारीने हेच वर्तुळ ३ सेकंदांत पूर्ण केले असे समजू. वेग सेकंदाला १९.१ मीटर होतो, पण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या चौपटीहून थोडे अधिक होते. कारण त्वरण वेगाच्या वर्गाने वाढते. टायरचा घर्षणांक दीड धरला, तर एवढ्या पकडीसाठी मोटार तिच्या वजनाच्या सुमारे पावणेतीनपट बलाने रस्त्यावर दाबली गेली पाहिजे. चालकासह मोटारीचे वस्तुमान २८० किलोग्रॅम असल्यास हवेकडून सुमारे ४,७०० न्यूटन इतके अधोबल (खाली दाबणारे बल) मिळावे लागेल. ताशी ६९ किलोमीटर वेगाला पुढच्या-मागच्या पंखांकडून एवढे बल मिळणे शक्य नाही. म्हणजे या मोटारीच्या रचनाकाराने कोठेतरी खोटा आकडा भरलेला आहे. बहुधा टायरच्या फाइलमध्ये.

पंख्याची वाट

तरीही ४,७०० न्यूटन हे बल भौतिकदृष्ट्या अशक्य नाही. मोटारीच्या तळाखालचे दीड चौरस मीटर क्षेत्र कडांनी बंदिस्त करून तेथील हवा पंख्याने उपसली, तर तेवढ्या बलासाठी दाब केवळ ३ टक्क्यांच्या आसपास कमी करावा लागतो. वातावरणाचा दाब केवढा प्रचंड असतो, याची यावरून कल्पना यावी. विशेष म्हणजे हे बल वेगावर अवलंबून नसते. मोटार उभी असतानाही ते मिळते. टायरवरचा भार वाढला की त्याचा घर्षणांक काहीसा घटतो, म्हणून प्रत्यक्षात वरील हिशेबापेक्षा अधिक उपसा लागेल. परंतु मार्ग खुला आहे.

हा मार्ग शर्यतीच्या इतिहासात पूर्वी चोखाळला गेला आहे. १९७० मधील चॅपरल २जे आणि १९७८ मधील ब्रॅबहॅम बीटी४६बी या पंख्याच्या मोटारी प्रसिद्ध आहेत. दुसरीने स्वीडनमधील आंडरस्टॉर्प येथे निकी लाउडा याच्या हाती शर्यत जिंकली आणि त्यानंतर ती पुन्हा शर्यतीत उतरली नाही. फॉर्म्युला वनचे रचनाकार एड्रियन न्यूई यांनी २०१० मध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो ५’ या खेळासाठी रेड बुल एक्स२०१० ही काल्पनिक मोटार रचण्यात भाग घेतला, तेव्हा नियमपुस्तिका बाजूला ठेवून पंखाच निवडला. विद्यार्थ्यांच्या जगातही याचे उदाहरण आहे. झुरिक येथील ईटीएच संस्थेच्या व ल्युसर्न येथील विद्यार्थ्यांच्या ‘मिथेन’ या विजेच्या मोटारीने सप्टेंबर २०२३ मध्ये शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंतचा वेग ०.९५६ सेकंदांत आणि १२.३ मीटर अंतरात गाठून विक्रम केला. सुमारे १४० किलोग्रॅमच्या या मोटारीची शक्ती २४० किलोवॉट, म्हणजे स्पर्धेतील मर्यादेच्या तिप्पट होती आणि तिला जमिनीशी धरून ठेवण्यासाठी शोषणयंत्रणा बसवली होती. नियमपुस्तिका सोडून निसर्गाच्या कडेपर्यंत जाणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण देणे कठीण आहे.

टायरचा प्रश्न

आभासी मोटारीत सर्वांत अवघड भाग टायरचा. टायर किती तिरका झाला, त्यावर किती भार आहे आणि तो किती तापला आहे, यांवर पकड बदलते. हे नाते दर्शवण्यासाठी नेदरलँड्समधील डेल्फ्टचे हान्स पासेका यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘मॅजिक फॉर्म्युला’ हे सूत्र बहुतेक ठिकाणी वापरतात. सूत्र सर्वांना खुले आहे. पण त्यातील गुणांक मोजमापांतून येतात. फॉर्म्युला एसएईच्या टायरची मोजमापे अमेरिकेतील बफेलो येथील कॅलस्पॅन प्रयोगशाळेत झालेली असून ती सभासद संस्थांनाच मिळतात. पुन्हा, प्रयोगशाळेतील खरखरीत पट्ट्यावरची पकड डांबरी रस्त्यापेक्षा पुष्कळ अधिक असते; म्हणून मोजलेल्या पकडीचा साधारण दोनतृतीयांश भागच हिशेबात धरण्याची प्रथा आहे. मोजमापे हाती असूनही हा घटक विसरणारा रचनाकार मोटारीला दीडपट पकड देऊन बसतो.

ज्यांना ही मोजमापे मिळत नाहीत, त्यांच्यासाठी उलटा मार्ग आहे. स्पर्धांचे निकाल प्रसिद्ध होतात आणि त्यांत आठच्या आकड्याच्या वेळाही असतात. समान वजनाच्या, पंख नसलेल्या खऱ्या मोटारीच्या वेळेवरून वर दाखवल्याप्रमाणे त्वरण काढावे आणि आभासी मोटार तेवढीच वेळ देईपर्यंत घर्षणांक कमी-जास्त करावा. हा उपाय ओबडधोबड आहे; पण अंदाजाने भरलेल्या आकड्यापेक्षा तो केव्हाही बरा.

वस्तुमान आणि चालक

२०० किलोग्रॅमच्या मोटारीत ७० किलोग्रॅमचा चालक बसला की एकूण वस्तुमानाचा चौथा हिस्सा चालकाचाच असतो. साध्या मोटारीत दुर्लक्षिता येणारी ही गोष्ट येथे गुरुत्वमध्याची जागा ठरवते. खऱ्या स्पर्धेत मोटार चालकासह ६० अंशांत कलती करतात आणि एकही चाक उचलले जाऊ देत नाहीत. त्याचा अर्थ असा की, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराचा निम्मा भाग गुरुत्वमध्याच्या उंचीच्या किमान १.७३ पट असला पाहिजे. चाकांमधील अंतर १.२ मीटर असेल तर गुरुत्वमध्य सुमारे ३५ सेंटिमीटरपेक्षा उंच असून चालणार नाही. आभासी मोटारीची ही परीक्षा कोणी घेत नाही. पण रचनाकाराला ती कागदावर दोन ओळींत घेता येते. बाह्याकृतीच्या आत चालकाचे गुडघे, पेडल आणि सुकाणूचा दांडा खरोखर मावतात का, हेही असेच आपले आपण पाहण्याचे काम आहे. सुंदर, निमुळत्या नाकाच्या कितीतरी आभासी मोटारींत चालकाच्या पायांना जागा नसते.

साधने

त्रिमिती आकृतीसाठी ब्लेंडर किंवा फ्रीकॅड, हवेच्या प्रवाहाच्या गणितासाठी ओपनफोम आणि फेरीच्या वेळेच्या ढोबळ अंदाजासाठी ऑप्टिममलॅप ही मोफत साधने वापरली जातात. ऑप्टिममलॅप सगळी मोटार एका बिंदूत एकवटल्याचे मानते, त्यामुळे सस्पेन्शनविषयी ते काही सांगत नाही. मात्र वजन घटवावे की शक्ती वाढवावी, असा निर्णय घेताना ते उपयोगी पडते.

भारतातील संदर्भ

भारतात ‘सुप्रा एसएईइंडिया’ आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणारी ‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थ्यांच्या प्रमुख स्पर्धा आहेत. मुंबईतील आयआयटी बॉम्बे, के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालय आणि द्वारकादास जे. संघवी अभियांत्रिकी महाविद्यालय येथील संघांनी परदेशांतील स्पर्धांतही भाग घेतला आहे. खरी मोटार बांधण्यासाठी लागणारा पैसा, प्रायोजक आणि कार्यशाळा प्रत्येक महाविद्यालयाला मिळत नाहीत. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याला संगणकावरची मोटार हाच या विद्येत शिरण्याचा परवडणारा दरवाजा ठरू शकतो. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे ब्रिटनमधील स्पर्धा आभासी स्वरूपात घ्यावी लागली, तेव्हा मोटार न चालवताही रचनेची परीक्षा घेता येते, हे दिसून आले.

मर्यादा

सिम्युलेटरच्या आसनावर बसलेल्या चालकाला वळणातील ओढ शरीराला जाणवत नाही. मोटार घसरू लागल्याचे त्याला डोळ्यांवरून आणि हातातल्या चक्राच्या धक्क्यांवरून ओळखावे लागते. रचनेच्या दृष्टीने याहून मोठी उणीव म्हणजे आभासी मोटार सहसा मोडत नाही. खऱ्या सहनशक्तीच्या शर्यतीत मध्यावर चालक बदलतात, तापलेले इंजिन बंद करतात आणि ते पुन्हा सुरू व्हावे लागते. त्याच वेळी सुरू न झालेली इंजिने, सुटलेल्या साखळ्या, गळणाऱ्या नळ्या आणि सैल झालेले बोल्ट यांमुळे अनेक संघ बाद होतात आणि सर्वाधिक, म्हणजे २७५ गुणांच्या या प्रकारातील बहुतेक गुण गमावतात. पातळ नळ्यांची चौकट, अर्ध्या किलोची बचत करून बारीक केलेला सस्पेन्शनचा दांडा, अपुरा रेडिएटर यांची किंमत आभासी मोटारीला मोजावी लागत नाही. काही रचनाकार म्हणूनच मोटारीसोबत भागांच्या वजनांची यादी आणि ताणांचे हिशेब जोडतात. अशी कागदपत्रे असलेली मोटार फेरीच्या वेळेत मागे राहिली, तरी तिच्याविषयी प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरेही मिळतात.