आधी मासा ओळखा, मग गळ टाका

आर्वी तालुक्यात धनोडीला वर्धा नदी अडवून निम्न वर्धा धरण बांधलं आहे. श्रावणातल्या उघडिपीत आम्ही त्याच्या फुगवट्याकाठी तंबू ठोकला. मासेमारी संस्थेची परवानगी आधीच घेतली होती; ठेक्याच्या पाण्यात न विचारता गळ टाकणं ही चोरीच. सोबतीला गावातले एक भोईकाका होते.

कुठला मासा हवा, हे काका आधी विचारतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून कटल्यासाठी कणीक-पेंडीचा गोळा बुचाखाली उथळच ठेवायचा, मृगळासाठी गांडूळ तळाला टेकवायचं.

हे तिन्ही कार्प जातीचे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 मध्ये शास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं आणि केंद्रांत मत्स्यबीज तयार होऊ लागलं. त्याच बिजाची बोटुकली संस्था विकत घेऊन सोडतात. पावकिलोची रोहू खाणं म्हणजे त्यांचं भांडवल खाणं. ती ओल्या हाताने धरून परत सोडायची.

मरळीचं गणित उलटं. ती साचलेल्या तळ्यातही अंडी घालते आणि पिल्लं स्वतः राखते. सकाळी गवताजवळ एकाच जागी पाणी खदखदताना दिसलं. वाकून पाहिलं, तर तांबूस पिल्लांचा थवा हवा घ्यायला वर येत होता. खाली राखणीला मोठी मरळ असते. गळाला लावलेला बेडूक समोर नाचवला की ती पिल्लांपायी झडप घालते, म्हणून तिला पकडणं सोपं. आमच्यातल्या एकाने गळ उचलताच काकांनी त्याचा हात धरला. “नका भाऊ. मायबाप नेले तं पिल्लायले कोन राखन?”

सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. समुद्रातल्या 54 जातींसाठी राज्याने 2023 मध्ये किमान आकार ठरवला. 135 मिलिमीटरहून लहान पापलेट धरायचं नाही. तळ्याकाठी मात्र राखण करायला कोणी उभं नसतं. तिथली मर्यादा गळ धरणाऱ्यानेच पाळायची.

मुक्कामाला जाल तेव्हा रात्रीच्या कालवणापुरतेच मासे घ्या, लहान मासा सोडून द्या आणि पावसाळ्यात मरळीच्या थव्यापाशी गळ टाकू नका.