घरच्या पाण्याची पारख

पाणी नितळ दिसले की ते शुद्ध, अशी आपली सर्वांची सहज समजूत असते. पेला उजेडापुढे धरावा, वास घ्यावा, एक घोट चाखावा आणि निःशंक मनाने प्यावे, एवढीच परीक्षा बहुतेक घरांत होते. परंतु रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत, नायट्रेटला रंग नाही आणि फ्लोराइडला चव नाही. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यातून पटकीची साथ पसरली. ते पाणी इतके लौकिकाचे होते की, हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक वृद्ध विधवा ते मुद्दाम गाडीतून मागवून घेई. आणि त्याच पाण्याने तिचा घात केला. डॉ. जॉन स्नो यांनी ही संगती लावून दाखविली, तेव्हा त्या पंपाचा दांडा काढण्यात आला.

ही गोष्ट जुनी आणि परदेशची म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे या मज्जारोगाचे रुग्ण एकाएकी वाढले. काहींच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आढळला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. साध्या जुलाबाच्या मागोमाग हातापायांतील बळ जावे, हे पाहून सारे शहर हादरले. तेव्हा आपल्या घरातल्या पाण्याची पारख आपण कशी करावी, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम पाणी बिघडते कोठे, ते पाहू. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी चांगले असले, तरी आपल्याकडे नळ दिवसातून ठराविक वेळच चालतो. पाणी बंद झाले की नळीतील दाब उतरतो. आणि शेजारून मैलापाण्याची नळी जात असेल, तर फुटक्या जोडातून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. पुढे इमारतीचा जमिनीखालचा हौद व गच्चीवरची टाकी. झाकण नीट बसत नसेल, तळाशी गाळ साचला असेल, तर चांगले पाणीही तेथे नासते. विहीर किंवा बोअर असेल, तर खतांतून व सांडपाण्यातून नायट्रेट उतरते. विदर्भाच्या काही भागांत खडकांतूनच फ्लोराइड येते.

यावरून ध्यानात येईल की, पाण्याचे दोष दोन जातींचे आहेत: जिवंत आणि विरघळलेले. दोहोंच्या परीक्षा निराळ्या व उपायही निराळे. पुष्कळ घरांत गोंधळ होतो तो नेमका इथेच. हल्ली विरघळलेले क्षार मोजणारे लेखणीएवढे यंत्र स्वस्तात मिळते. त्यावर आकडा कमी आला की मंडळी समाधान पावतात. पण ते यंत्र केवळ पाण्याची विद्युत्‌वाहकता जोखते. शंभर आकडा दाखविणारे पाणी जंतूंनी भरलेले असू शकते, आणि सहाशेचे पाणी जंतूंच्या दृष्टीने निर्धोक असू शकते.

जंतूंसाठी घरी करण्याजोगी पहिली परीक्षा क्लोरिनची. बाजारात मिळणाऱ्या ऑर्थोटोलिडीनच्या द्रावणाचे थेंब नमुन्यात टाकले की, क्लोरिन असल्यास पाणी पिवळे होते; हे तपासलेले पाणी मात्र ओतून द्यावे. भारतीय मानकानुसार क्लोरिन वापरलेल्या पाण्यात मुक्त क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा. रस्त्याकडील नळाला पिवळा रंग यावा आणि स्वयंपाकघरातील नळाला मुळीच येऊ नये, तर आपली टाकी तपासावी. दुसरी परीक्षा हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीची. ही युक्ती मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवावे. एकदोन दिवसांत ते काळे पडले, तर मैलाच्या संसर्गाचा दाट संशय धरावा. अंतिम निर्णय अर्थात प्रयोगशाळेचा. तेथील कसोटी कडक आहे: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही आढळता कामा नये. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. फ्लोराइड एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालते. बोअरवाल्यांनी वर्षातून एकदा, विशेषतः पावसाळ्यानंतर, ही तपासणी करून घ्यावी.

आता उपाय. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण जंतू मारण्याचे काम तिच्यावर सोपवू नये. चार पदरी कापडातून गाळणे अगदीच निरुपयोगी नाही. बांगलादेशात घड्या घातलेल्या साडीतून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र उरलेले निम्मे कापडाला आवरले नाहीत. खळखळा उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळलेले पाणी जंतूंच्या बाबतीत सर्वांत भरवशाचे. क्लोरिनचे थेंब घातल्यास अर्धा तास थांबावे, आणि पाणी आधी निवळून घ्यावे. अतिनील किरणांचे यंत्रही स्वच्छ पाण्यातच काम करते. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात.

परंतु उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे ते उलट दाट होते. तेथे आर.ओ. यंत्र कामाला येते. मात्र हे यंत्र गाळून दिलेल्या पाण्यापेक्षा अधिक पाणी पुष्कळदा मोरीत सोडते. नगरपालिकेच्या कमी क्षारांच्या पाण्याला ते लावणे म्हणजे पैसा आणि पाणी दोन्ही वाया घालविणे होय.

शेवटी साठवणीविषयी. उकळलेले पाणी माठात ओतून त्यातच हात बुडवून पेला भरला, तर साऱ्या खटाटोपावर पाणी पडते. माठाला तोटी असावी किंवा लांब दांड्याचे ओगराळे असावे. आणि टाकी धुतल्याची तारीख तिच्या झाकणावर लिहिलेली असावी. यंत्र विकत घेण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे, दोष कोणत्या जातीचा ते ओळखावे, मगच उपाय निवडावा. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. पाण्याच्या बाबतीतही तोच क्रम आपण पाळू या.